पिंपरीचे पेनिसिलिन आणि कौलाची गोष्ट

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा मोटारीपासून सुरुवात करतो. आकुर्डीची स्कूटर, पिंपरीचा ट्रक, मग चाकणच्या परदेशी गाड्या, असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. परंतु या पट्ट्यात सरकारी उद्योगाची पहिली मोठी वीट पडली ती औषधाची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी जिथे वसली, त्याच पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यालगत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी भारत सरकारने स्थापन केली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म १९६२ चा. म्हणजे 'एमआयडीसी' हा शब्द आमच्या बोलण्यात येण्यापूर्वीच 'एच.ए.' हा शब्द आला होता. आजही त्या भागातील जुनी माणसे पत्ता सांगताना एच.ए. कॉलनी असेच सांगतात.

हा कारखाना उभा राहिला तो संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी, म्हणजे युनिसेफ, आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने. एकीने यंत्रसामग्रीचा भार उचलला, दुसरीने तंत्रज्ञ व प्रशिक्षण दिले. एवढे शाळेच्या पुस्तकातही सापडेल. पण परदेशी संस्थेची यंत्रे, परदेशी संस्थेची माणसे एका नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात येतात, काम करतात आणि परत जातात, ती कोणत्या कायद्याने? त्यांच्यावर खटला चालतो का? त्यांच्या पगारावर कर बसतो का? त्यांच्या पेट्या बंदरावर उघडल्या जातात का? या प्रश्नांकडे फारसे कुणी वळत नाही. आम्हाला या लेखात तिकडेच वळायचे आहे. कारण या रुक्ष कायद्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे: एखाद्याला कायद्याच्या हाताबाहेर ठेवायचे ते कशासाठी, आणि कुणाच्या भल्यासाठी?

कल्पना नवी नाही. जो निरोप घेऊन आला त्याला हात लावायचा नाही, हा नियम राजनीतीइतकाच जुना आहे. कौटिल्याने दूताला अवध्य मानले. खोटा दावा करणाऱ्या मुसैलमाचे दूत मदिनेत आले तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांचे म्हणणे नाकारले, पण दूत आहेत म्हणून त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही, ही हकिकत हदीसच्या ग्रंथांत आहे. फिक्हच्या ग्रंथांतून 'अमान' या विषयावर स्वतंत्र चर्चा आढळते. मराठी दफ्तरांत हीच गोष्ट 'कौल' या शब्दाने येते. कौल म्हणजे दिलेला शब्द, आणि हा शब्द अरबीतूनच आमच्या भाषेत आला. ज्याला आम्ही आज राजदूत म्हणतो त्याला ही दफ्तरे 'वकील' म्हणत, आणि तोही शब्द तिथलाच.

कौल मोडला की काय होते याचे महाराष्ट्राच्या इतिहासात ठसठशीत उदाहरण आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये पेशव्यांशी हिशेबाची बोलणी करण्यासाठी पुण्यात आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला आणि ठपका दुसऱ्या बाजीरावाचा मर्जीतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याला मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. १८१६ मध्ये तो तिथून निसटला. जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्यांना नमते घ्यावे लागले आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली. खडकी म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडची वेसच. पेशवाई केवळ या एका खुनाने बुडाली असे आम्ही म्हणत नाही; पण वकिलाच्या रक्ताने इंग्रजांच्या हाती आयते निमित्त दिले, हे मात्र खरे.

नाण्याची दुसरी बाजू तुर्कस्तानात दिसते. उस्मानी सुलतानांनी युरोपी व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. त्यांना तिथे 'इम्तियाजात' म्हणत. फ्रान्सला दिलेली १५६९ ची सनद त्यांत प्रसिद्ध आहे. सल्तनत बलाढ्य होती तोवर हे सुलतानाचे औदार्य होते. आपल्या दारी आलेल्या परक्याने आपल्या वकिलातीपुढे न्याय मागावा, जकात कमी द्यावी, यात तिला काही गमवावे लागत नव्हते. पण पारडे फिरले तेव्हा त्याच सनदा गळफास झाल्या. परदेशी माणूस देशात राहून देशाच्या कोर्टाला जुमानेना, कर देईना. स्थानिक लोकसुद्धा परदेशी वकिलातींकडून संरक्षणाचे कागद मिळवू लागले. १९१४ मध्ये तुर्की सरकारने या सवलती एकतर्फी रद्द केल्या आणि १९२३ च्या लोझानच्या तहाने त्यांचा शेवट मान्य झाला. इजिप्तमध्ये परदेशीयांसाठीची मिश्र न्यायालये १९४९ पर्यंत चालली. सवलत देणारा दुबळा आणि घेणारा सबळ असेल, तर कौलाची गुलामी व्हायला वेळ लागत नाही, हा त्यातला धडा.

आता १९४७ कडे या. देश नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा ओल्या, निर्वासितांचे लोंढे चालू. अशा डिसेंबर महिन्यात भारताने 'संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार व उन्मुक्ती) अधिनियम, १९४७' हा कायदा केला. परक्यांच्या सवलतींचा कडू अनुभव घेतलेल्या देशाने स्वातंत्र्याच्या पाचव्या महिन्यात परक्यांना नव्या सवलती द्याव्यात, हे वरवर विचित्र दिसते. फरक असा, की या सवलती एखाद्या साम्राज्याला दिलेल्या नव्हत्या. ज्या संस्थेत भारत स्वतः सभासद होता, जिच्या सभेत त्याचे एक मत होते, त्या संस्थेला त्या दिल्या होत्या.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम १०५ सांगते की संस्थेला तिची उद्दिष्टे पार पाडण्यापुरते विशेषाधिकार सभासद देशांत मिळतील. 'पुरते' हा शब्द महत्त्वाचा. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचा तपशील आला आणि भारताच्या कायद्याने त्याच कराराच्या तरतुदींना इथे कायद्याचे बळ दिले. संस्थेवर तिच्या संमतीशिवाय खटला चालत नाही. तिच्या जागेत झडती होत नाही. तिचे कागद कुणी जप्त करू शकत नाही. तिला प्रत्यक्ष कर नाहीत, पण पाणी, वीज यांसारख्या सेवांचे बिल मात्र तिने भरायचे. अधिकृत कामासाठी आणलेल्या मालावर सीमाशुल्क नाही, पण तो माल सरकारशी ठरलेल्या अटींवाचून देशात विकायचा नाही. अधिकाऱ्यांना संरक्षण मिळते ते अधिकृत नात्याने बोललेल्या शब्दांपुरते आणि केलेल्या कृतीपुरते. ठरावीक कामगिरीवर येणाऱ्या तज्ज्ञांसाठीही वेगळी तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम ३ ने केंद्र सरकारला अधिकार दिला, की राजपत्रात अधिसूचना काढून हेच संरक्षण इतर आंतरराष्ट्रीय संस्थांना लागू करता येईल.

ज्या पिंपरी-चिंचवडची महापालिका कारखान्यांच्या जकातीवर राज्यातील श्रीमंत महापालिकांत गणली गेली आणि २०१३ पर्यंत नाक्यानाक्यावर जकात गोळा करीत राहिली, तिथल्या माणसाला 'जकात माफ' या दोन शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको. 'जकात' या मूळच्या धर्मादायाच्या शब्दाचा मराठीत नाक्यावरचा कर झाला, ही भाषेची गंमत. जकात माफ होते तेव्हा कुणाच्या तरी खिशातून ते जाते. म्हणून ती माफी कशाच्या बदल्यात, हे विचारण्याचा हक्क जनतेला असतो.

पिंपरीत काय मिळाले ते पाहा. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनने लाखो सैनिकांचे प्राण वाचवले, पण त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मोजक्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या हाती होते. भारताला ते आयात करावे लागे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक झालेले साहिबसिंग सोखी यांनी औषधांचा कारखाना सरकारी मालकीचा असावा आणि औषधाचे ज्ञान बाजारातल्या मालासारखे कुलूपबंद नसावे, हा आग्रह धरला. भारत सरकार व युनिसेफ यांच्यात १९४९ मध्येच मूलभूत करार झाला होता. त्याच वर्षी इजिप्तची मिश्र न्यायालये बंद झाली, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. १९५१ मध्ये पेनिसिलिन कारखान्यासाठी भारत सरकार, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. कारखाना सरकारी असावा, त्याला संशोधनाची व प्रशिक्षणाची जोड असावी आणि तंत्र दडवून ठेवू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

हीच गोष्ट स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत वेगळी झाली. क्षयरोगावरील या औषधासाठी पिंपरीच्या कारखान्याने १९५० च्या दशकाच्या शेवटी मर्क या अमेरिकन कंपनीशी करार केला. तो व्यापारी करार होता. तिथे तंत्राची किंमत होती आणि अटी होत्या. एका आवारात दोन औषधे, पण एकामागे सभासद देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्था आणि दुसऱ्यामागे नफ्यावर चालणारी कंपनी. कंपनीला कौल नव्हता, पण पेटंट होते, आणि पेटंट हेही एक प्रकारचे संरक्षणच. आम्हाला दोन्ही संरक्षणे शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. युनिसेफच्या पेटीवरील माफ झालेले शुल्क जनतेला औषधाच्या रूपाने परत मिळाले. पुढे १९६० च्या दशकात इथल्या प्रयोगशाळेतून डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक जगापुढे आले. बाहेरून घेतलेल्या विद्येवर इथल्या माणसांनी स्वतःची भर घातली, याचा तो पुरावा होता.

पण याच कायद्याची काळी बाजू लपवून चालणार नाही. संस्था उत्तरदायी नसेल आणि तिच्या कामाने गरिबाचे नुकसान झाले, तर त्याने जायचे कुठे?

याचे उत्तर शोधायला गुजरातच्या किनाऱ्यावर जावे लागते. कच्छमधील मुंद्रा येथे ४,००० मेगावॉटहून मोठा कोळशावरील वीजप्रकल्प उभा राहिला. त्याला जागतिक बँक समूहातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. किनाऱ्यावरील मच्छीमारांची, ज्यांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, तक्रार होती की गरम पाण्याने व राखेने त्यांची मासेमारी व शेती बिघडली. संस्थेच्या स्वतःच्याच लोकपाल कार्यालयाने २०१३ मध्ये तिच्या देखरेखीत उणिवा दाखवल्या. भारतात १९५८ चा वेगळा कायदा या संस्थेला दर्जा व उन्मुक्ती देतो. हे लोक वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. संस्थेने उत्तर दिले की आमच्यावर खटलाच चालू शकत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने 'जॅम विरुद्ध इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन' या प्रकरणात निकाल दिला, की अशा संस्थांची उन्मुक्ती संपूर्ण नाही. परकीय सरकारांना आज जेवढी मिळते तेवढीच ती आहे. सलाया-मुंद्राच्या बाजूच्या कोळ्याने जगातल्या बड्या सावकाराला कोर्टाच्या दारात उभे केले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पुढे खालच्या न्यायालयांनी नुकसानीचे मूळ अमेरिकेत नाही म्हणून दावा फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडण्यास नकार दिला. तत्त्व जिंकले, माणसे रिकाम्या हाताने परतली.

हैतीची कथा याहून करुण. २०१० मध्ये तिथे शांतिसेनेच्या छावणीतून पटकीचा फैलाव झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१६ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांची उन्मुक्ती कायम ठेवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महासचिव बान की-मून यांनी माफी मागितली. वास्तविक १९४६ च्या करारातच लिहिले आहे, की संस्थेने अशा तंट्यांच्या निवाड्याची योग्य सोय करावी, आणि न्यायाच्या आड येत असेल तर आपल्या अधिकाऱ्याची उन्मुक्ती काढून घेणे हा महासचिवांचा केवळ हक्क नव्हे, कर्तव्यही आहे. सवलत त्या माणसाच्या वैयक्तिक लाभासाठी नाही, हेही तिथे स्पष्ट आहे. कायदा शहाणा आहे. तो पाळणाऱ्यांची इच्छा दुबळी आहे.

प्रतिनिधींच्या बाबतीत असाच पेच एका मराठी नावाभोवती उभा राहिला. न्यूयॉर्कमधील भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना डिसेंबर २०१३ मध्ये अटक झाली. घरकामाला ठेवलेल्या भारतीय बाईच्या व्हिसाच्या अर्जात पगाराची खोटी माहिती दिल्याचा आरोप होता. वाणिज्यदूताचे संरक्षण केवळ सरकारी कामापुरते असते. भारत सरकारने त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतील आपल्या कायम शिष्टमंडळात केली, जानेवारी २०१४ मध्ये त्यांना पूर्ण संरक्षण मिळाले आणि त्या मायदेशी परतल्या. मार्चमध्ये न्यायालयाने तो आरोप रद्द केला, आणि दोनच दिवसांत सरकारी पक्षाने पुन्हा नवा आरोप दाखल केला. अटकेच्या वेळी झालेल्या वागणुकीने आमच्या देशाचा अपमान झाला, ही भावना खरी होती. पण त्या गदारोळात घरकाम करणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न आम्ही किती वेळ ऐकला? मालकिणीच्या संरक्षणाची चर्चा दोन देशांनी केली. मोलकरणीला कुणाचा कौल होता?

म्हणून उन्मुक्तीच मोडून टाकावी काय? तसे म्हणण्याआधी पॅलेस्टाईनकडे पाहावे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा जेरुसलेममध्ये खून झाला. त्या प्रकरणातूनच १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले, की संयुक्त राष्ट्रांना स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व आहे आणि आपल्या माणसांसाठी ती दाद मागू शकते. पाऊणशे वर्षांनी त्याच भूमीत निर्वासितांना पीठ, औषध आणि शाळा देणाऱ्या संस्थेचे शेकडो कर्मचारी मारले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्या संस्थेच्या कामावर बंदी आणणारे कायदे केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात संयुक्त राष्ट्रांचे विशेषाधिकार व उन्मुक्ती पाळण्याचे बंधन इस्रायलवर असल्याचे सांगितले. पिठाचे पोते अडते तेव्हा कलम १०५ हे कागदावरचे कलम राहत नाही. कुणाच्या तरी चुलीचा तो प्रश्न होतो.

आता पुन्हा आमच्या पट्ट्याकडे. चाकणच्या कारखान्यांच्या मालक कंपन्या परदेशी आहेत, त्यांना सवलतीही मिळतात, पण कौल नाही. फोक्सवॅगन समूहाच्या भारतीय कंपनीला सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या करमागणीची नोटीस दिली आणि वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. कोण बरोबर ते न्यायालय ठरवील. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे, की कंपनीला कोर्टात खेचता येते आणि कंपनीही सरकारला कोर्टात खेचू शकते. परदेशी असणे आणि कायद्याबाहेर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वस्त्यांतली मुले या कारखान्यांत कंत्राटी कामावर जातात. त्यांनी हा फरक समजून घ्यायला हवा.

आणि एच.ए.चे काय झाले? मदत करणाऱ्या संस्था काम संपवून गेल्या. जाणे त्यांच्या करारातच होते. कारखान्याची जबाबदारी आमच्या सरकारवर, म्हणजे आमच्यावर होती. १९९० च्या दशकात तो आजारी उद्योग ठरला. स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन मागे पडत बंद झाले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. जुलै २०१९ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्ससह तीन सरकारी औषध कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे थकीत पगार व स्वेच्छानिवृत्तीची देणी यांसाठी ३३०.३५ कोटी रुपयांचे कर्ज मंजूर करावे लागले. दरम्यान २०२० मध्ये त्याच पेनिसिलिनसाठी उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना सरकारने आणली आणि २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथे एका खासगी कंपनीने ते पुन्हा बनवायला घेतले. जे ज्ञान पिंपरीला जगाने खुले करून दिले, ते आम्हाला सांभाळता आले नाही, आणि त्याच मालासाठी तिजोरी पुन्हा उघडावी लागली.

यात दोष उन्मुक्तीच्या कायद्याचा नाही. त्या कायद्याने आपले काम पिंपरीत चोख केले. ज्यांच्याकडे कसलीही उन्मुक्ती नव्हती, ज्यांना जाब विचारता येत होता, त्यांना आम्ही जाब विचारला नाही. परक्याला दिलेल्या कौलाचा हिशेब मागताना घरच्या कारभाऱ्याचा हिशेबही मागावा लागतो. पगार थकलेल्या त्या कामगारांनी तो वर्षानुवर्षे मागितला. बाकीचे शहर तेव्हा त्याच रस्त्यावरून नव्या गाड्या घेऊन चालले होते.